लाळेचे काम आणि सांधे धरलेले मूल

चिंच पाहिली की तोंडाला पाणी सुटते. आमसूल पाहिले की सुटते. बांगड्याच्या तिखल्याचा वास चुलीवरून आला, तरी सुटते. हे पाणी म्हणजे लाळ.

लाळेला आपण फारसा मान देत नाही. पुढे पुढे करणाऱ्याला लोक लाळघोट्या म्हणतात. थुंकी म्हटली की नाक मुरडतात. पण ही लाळ नसती, तर भाताचा एक घास गिळता आला नसता. धड बोलताही आले नसते. भजन रंगात आले की बुवांचा घसा कोरडा पडतो, जीभ टाळूला चिकटते. मग पाण्याचा तांब्या पुढे करावा लागतो. तेवढ्यापुरती लाळेची किंमत कळते. पुढे आपण विसरतो.

काही मुलांच्या बाबतीत मात्र हे विसरून चालत नाही. ज्यांचे सांधे सुजतात, आखडतात, ती ही मुले. त्यांच्या गुडघ्याकडे सगळे पाहतात. तोंडाकडे कोणी पाहत नाही. या पाठात आपण त्यांच्या तोंडाकडे पाहू. आधी लाळ काय करते ते समजून घेऊ, मग आजाराकडे वळू.

लाळ येते कुठून?

आपल्या तोंडाभोवती लाळेचे सहा मोठे झरे आहेत. डॉक्टर त्यांना ग्रंथी म्हणतात. दोन झरे गालात, कानांच्या पुढे. दोन खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला. दोन जिभेच्या खाली. गालगुंड झाले की गाल सुजतो ना? तेव्हा कानाजवळचा झराच सुजलेला असतो. याशिवाय ओठांत, गालांत, टाळूत बारीक बारीक झरे शेकड्यांनी आहेत. मोठ्या माणसाच्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ येते. म्हणजे घरातला पाण्याचा तांब्या भरेल एवढी! आपण ती नकळत गिळत असतो, म्हणून ती दिसत नाही.

लाळेच्या शंभर भागांत नव्व्याण्णव भाग पाणीच. पण उरलेला एक भाग मोठा गुणी आहे. त्यात बुळबुळीत पदार्थ असतो. त्याने घास घशाखाली सुखाने उतरतो. भातातले पिठूळ सत्त्व फोडणारा पदार्थ असतो. भाताचा घास पुष्कळ वेळ चावत राहा. तो गोड लागू लागेल. करून पाहा. जंतूंना आवर घालणारी द्रव्ये असतात. आणि ज्यांनी दात घट्ट राहतात, ते कॅल्शियम वगैरे क्षारही असतात.

हे क्षार कशाला, ते कळायला दात कसा किडतो हे पाहिले पाहिजे.

दाताला कीड लागली असे आपण म्हणतो. त्यामुळे दातात खरोखरच अळी शिरते, असे पुष्कळांना वाटते. बाजारात, जत्रेत दातातून अळी काढून दाखवणारे लोक फिरत. ती अळी त्यांनीच बरोबर आणलेली असे. दातात अळी नसते. तिथे असतात जंतू. ते डोळ्यांना दिसत नाहीत. दातावर चिकट थर करून ते राहतात. आपण गोड खाल्ले की त्यांनाही जेवण मिळते. ते खाऊन ते आंबट द्रव्य सोडतात. त्याला आम्ल म्हणतात. हे आम्ल दाताचे कवच विरघळवते.

दाताचे कवच ही आपल्या शरीरातली सर्वांत कठीण वस्तू. हाडापेक्षाही कठीण. ती कशी विरघळेल, असे तुम्ही म्हणाल. मग एक प्रयोग करा. समुद्रावरचा एक लहानसा शिंपला आणा. वाटीत लिंबाचा रस घेऊन त्यात टाका. लगेच बुडबुडे येऊ लागतील. दुसऱ्या दिवशी शिंपल्याची चकाकी गेलेली दिसेल. दात म्हणजे शिंपला नव्हे. पण आंबटापुढे दोघांचीही तीच गत होते.

असे असूनही आपले सगळ्यांचे दात विरघळून गेलेले नाहीत. कारण लाळ. भरतीचे पाणी किनाऱ्यावर येते आणि ओहोटीबरोबर घाण घेऊन जाते. लाळ तसेच करते. ती अन्नाचे कण धुते. आम्लाचा आंबटपणा मारते. कवचातून निघून गेलेले कॅल्शियम पुन्हा भरते. एकदा गोड खाल्ले की ही डागडुजी व्हायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे जास्त महत्त्वाचे. जेवणावर एक खडखडे लाडू खाल्ला, तर लाळ त्याचा बंदोबस्त करील. पण आंगणेवाडीच्या जत्रेतून खाज्याचा पुडा आणला आणि दिवसभर एकेक कांडी चघळली, तर लाळेला उसंत कुठून मिळणार?

आणि रात्री झोपेत हे झरे जवळजवळ आटतात. रात्री तोंडात गोड राहिले, तर ते धुवायला कोणी नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

मुलांचा संधिवात

वात म्हटला की आपल्याला आजी आठवते. गुडघ्याला तेल चोळीत बसलेली. मुलांना कसला वात? पण होतो. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाचा सांधा सुजला, सूज सहा आठवडे तरी राहिली आणि तिला दुसरे काही कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला मुलांचा संधिवात म्हणतात. लंडनच्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी १८९७ साली अशा मुलांविषयी पहिल्यांदा सविस्तर लिहिले. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत साधारण हजार मुलांमागे एकाला हा आजार आढळला आहे. म्हणजे आजार दुर्मीळ खरा, पण एखाद्या तालुक्यात औषधालाही सापडणार नाही इतका दुर्मीळ नाही.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आंबट खाल्ल्याने होत नाही. समुद्राच्या वाऱ्याने होत नाही. कोणाच्या नजरेनेही होत नाही. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक राखण असते. घरच्या कुत्र्याने चोर सोडून घरच्याच माणसाला चावावे, तशी ती राखण आपल्याच सांध्यांवर उलटते. मग सांधा सुजतो, गरम लागतो, आखडतो. गुडघा, घोटा, मनगट, बोटे, कोणताही सांधा धरू शकतो.

यातली एक खूण आईबापांनी ओळखायला हवी. मूल सकाळी उठते तेव्हा सांधे जखडलेले असतात. तासाभराने, दोन तासांनी ते मोकळे होतात. सकाळी लंगडणारी मुलगी संध्याकाळी लंगडी खेळताना दिसते. मग घरात म्हणतात, ‘शाळा चुकवण्याची सोंगे आहेत.’ गुरुजीही तेच म्हणतात. हे सोंग नसते हो! आजाराची चालच तशी असते.

आपल्याकडे मूल आजारी पडले की देवळात जाऊन गाऱ्हाणे घालतात, कौल लावतात. त्याला आमची ना नाही. गाऱ्हाणे घाला, पण त्यासाठी दवाखान्याची गाडी चुकवू नका. पूर्वी या आजाराने मुले वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळत. आज चांगली औषधे आहेत. ती वेळेवर सुरू झाली, तर पुष्कळ मुले शाळेत जातात, खेळतात, मोठेपणी कामधंदा करतात.

आपला विषय तोंडाचा आहे, तरी डोळ्यांची एक गोष्ट सांगतोच. या आजारात काही मुलांच्या डोळ्यांना आतून सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. मूल तक्रार करीत नाही. आणि नजर हळूहळू जाते. म्हणून डॉक्टर सांगतील तितक्या वेळा डोळे तपासून घ्यावेच लागतात. आता तोंडाकडे येऊ.

सांध्याच्या आजाराचा तोंडाशी काय संबंध?

तुमचे बोट कानाच्या अगदी पुढे ठेवा. तोंड उघडा. मिटा. बोटाखाली काही हलले ना? तो जबड्याचा सांधा. गुडघ्यासारखाच तोही सांधा आहे. मग त्यालाही हा आजार धरतो. पुष्कळ मुलांत तो धरतो. कधी दुखतो, कधी मुळीच दुखत नाही, आणि तीच खरी फसगत. खालचा जबडा ज्या ठिकाणी वाढतो, त्यातले एक मोठे ठिकाण या सांध्यातच आहे. तिथे सूज राहिली की जबडा वाढायचा थांबतो. हनुवटी मागे राहते. एकाच बाजूचा सांधा धरला, तर चेहरा एका बाजूला वाकडा होतो. तोंड पुरते उघडत नाही. मग ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही. दातांच्या डॉक्टरांची अवजारेही पोचत नाहीत.

जबडा दुखतो म्हणून मूल चावायचे टाळते. फणसाची भाजी नको, भाकरी नको, पेरू नको. मऊ पेज तेवढी पिते. आजी म्हणते, ‘चेडू जेवणा नाय, काय करुचा?’ काय होते पाहा. आपण चावतो तेव्हा लाळेचे झरे जोरात वाहतात. चावणे थांबले की झरेही मंदावतात. म्हणजे जबडा धरला, की तिथून लाळेवर परिणाम होतो.

पण लाळेवर आजाराचा आपला असाही परिणाम होतो का? हे पाहण्यासाठी निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी या मुलांची लाळ मोजली आहे. मोजण्याची रीत साधी आहे. मुलाला मान खाली घालून बसवतात. पाच मिनिटे लाळ गिळायची नाही, पेल्यात सोडायची. मग मेणाचा तुकडा चघळायला देतात आणि पुन्हा मोजतात. काही पाहण्यांत या मुलांची लाळ इतर मुलांपेक्षा कमी भरली, तिच्यातले क्षारही कमी निघाले. काही पाहण्यांत फारसा फरक आढळला नाही. दात किडण्याच्या बाबतीतही तसेच, कुठे जास्त, कुठे सारखेच. हिरड्या सुजणे, हिरड्यांतून रक्त येणे आणि दातांवर चिकट थर साचणे, हे मात्र या मुलांत जास्त असते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. याचा अर्थ असा, की सांध्याचा आजार झाला म्हणजे दात जाणारच, असे नाही. नीट राखले तर दात राहतात. राखायला मात्र जास्त कष्ट पडतात.

कष्ट का पडतात, तेही पाहा. दात घासायचा तो हाताने. मनगट सुजले आहे, बोटांची मूठ मिटत नाही. ब्रशची काडी बारीक. ती धरताना दुखते. त्यात सकाळची वेळ, जेव्हा सगळे सांधे जखडलेले. मूल ब्रश तोंडात घालते, दोनदा फिरवते, चूळ भरते आणि सुटका करून घेते. आई विचारते, ‘घासलेस गे दात?’ ‘घासले.’ ते खोटेही नसते.

मग औषधे. औषधांशिवाय गती नाही, हे आधी पक्के समजा. पण औषधांचाही तोंडाशी संबंध आहे. दुखणे कमी करण्याची लहान मुलांची पातळ औषधे बहुधा गोड असतात. ती झोपताना दिली आणि मूल तसेच झोपले, तर काय होईल? लाळ आटलेली, तोंडात साखर. सर्दी-खोकल्याची काही औषधे तर मुळातच तोंड कोरडे पाडतात.

या आजारात पुष्कळ मुलांना मेथोट्रेक्सेट नावाचे औषध देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. नीट वाचा. आठवड्यातून एकदा! रोज नाही. चुकून रोज दिले तर जिवावर बेतू शकते. आता तुम्हाला वाचता येते. डॉक्टरांची चिठ्ठी घेतलीत की वार विचारून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वारावर खूण करा. घरात एकच माणूस हे औषध देईल, असे ठरवा. आईने दिले आणि आजीने पुन्हा दिले, असे होता कामा नये. हे औषध चालू असताना मुलाचे तोंड येऊ शकते. ओठाच्या आत, जिभेवर फोड येतात, घास लागतो. तोंड आले की आपण जाईचा पाला चघळायला देतो, तूप लावतो. एरवी ठीक आहे. पण हे औषध घेणाऱ्या मुलाचे तोंड आले, तर घरच्या उपायांवर थांबू नका. डॉक्टरांना कळवा. पुष्कळ वेळा ते सोबत फॉलिक आम्लाची गोळी देतात, त्याने हा त्रास कमी होतो. कधी औषधाची मात्रा बदलावी लागते. जिभेवर, गालात दह्यासारखे पांढरे डाग दिसले, तरीही दाखवा. ती बुरशी असू शकते.

या औषधांपैकी काही शरीराची राखण थोडी शांत करतात. तीच राखण तर उलटलेली असते. पण राखण शांत झाली म्हणजे बाहेरच्या जंतूंनाही वाट मोकळी होते. अशा मुलाच्या दाढेला पू झाला, तर तो लवकर पसरू शकतो. मग पू आटोक्यात येईपर्यंत सांध्याचे औषध डॉक्टरांना थांबवावे लागते. इकडे औषध थांबले की सांधे पुन्हा सुजतात. एका किडक्या दाढेपायी गुडघा सुजावा, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. पण ती अशी घडते.

आणि शेवटची गोष्ट आपल्या मायेची. दुखणाईत मूल म्हटले की घरातले प्रत्येकजण काहीतरी हातावर ठेवतो. मुंबईचा काका गोळ्या-चॉकलेटे आणतो. आत्या फणसपोळी देते. मूल रडले की गुळाचा खडा. आम्हाला यात दोष द्यायचा नाही. मूल कण्हत असताना कोणाला राहवेल? पण लाडासाठी दुसरे काही शोधावे. शहाळे द्या, भाजलेले शेंगदाणे द्या, चित्रांचे पुस्तक द्या. गोड द्यायचेच, तर जेवणाबरोबर द्या.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, दात घासण्याचे काम मुलावर टाकू नका. सात-आठ वर्षांपर्यंत कोणत्याही मुलाचे दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. सांधे धरलेल्या मुलाचे त्यापुढेही द्यावेत, हात दुखत असतील तितके दिवस. मुलाचे डोके मांडीवर घ्या. वरून तोंडात चांगले दिसते. रात्रीचे घासणे सर्वांत महत्त्वाचे. लाळ आटण्याआधी दात स्वच्छ झाले पाहिजेत. रात्रीचे औषध आधी, दात नंतर, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी उठल्या उठल्या घाई करू नका. हात कोमट पाण्यात बुडवून ठेवायला द्या. गालावर कोमट ओला कपडा धरा. सांधे मोकळे झाले की घासा.

मुलाला स्वतः घासायची हौस असेल, तर ब्रशची काडी जाड करा. जाळे पाण्यावर तरंगावे म्हणून त्याला मधे भोक असलेली हलकी बुचे लावतात. कोळीवाड्यात ती ढिगाने मिळतात. एक नवे बूच घ्या, स्वच्छ धुवा आणि ब्रशची काडी त्यातून घट्ट बसवा. दुखऱ्या मुठीतही ते राहते. बूच नसेल तर सायकलच्या मुठीचे रबर चालते. तेही नसेल तर काडीला कापडाची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि पट्टी वरचेवर बदला. ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा घ्यावा. तोंड कमी उघडत असेल, तर तोच आत जातो.

दातांना लावायची पेस्ट फ्लोराइडची असावी. फ्लोराइडने दाताचे कवच आम्लाला दाद देत नाही. नळीवर हा शब्द बहुधा इंग्रजीत छापलेला असतो. दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. घासून झाले की थुंकायचे. खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर फ्लोराइड वाहून जाते.

आपल्याकडे आंब्याचे पान दुमडून दात घासतात. त्याची शीर जीभ घासायला छान. आंब्याच्या पानावर आमचा राग नाही. पण ते दात आणि हिरडी यांच्या खाचेत शिरत नाही, आणि खरा मळ तिथेच असतो. राखुंडी, कोळशाची पूड खरखरीत, कवच झिजवते. मशेरी मात्र पोराच्या तोंडाजवळ नेऊ नका. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात दुखला म्हणून बोटभर लावायची, आणि पुढे जन्माचे व्यसन. मोठ्यांनीही ती सोडलेली बरी.

खाण्यात पथ्ये वाढवू नका. वाताचे मूल म्हणून कोणी भात बंद करतो, कोणी दही, कोणी डाळ. मग मूल आणखी खंगते. डॉक्टरांनी मना केले नसेल तर घरचे सगळे खाऊ द्या. नाचणीची आंबील, दूध-दही, कालवणातले मासे. पेडवे, तारली यांसारखे लहान मासे चांगले शिजवून मऊ काट्यासकट खाल्ले, तर कॅल्शियम मिळते. जबडा दुखत नसेल त्या दिवशी काकडी, पेरूची फोड, ओल्या खोबऱ्याचा तुकडा चावायला द्या. चावले की लाळ येते. दुखत असेल त्या दिवशी जबरदस्ती नको. सोलकढीबद्दल लोक विचारतात. जेवणाबरोबर सोलकढी खुशाल प्यावी. पण साखर घातलेले कोकम सरबत दिवसभर घोट घोट पिणे वाईट. ते आंबटही आणि गोडही. काही आंबट प्यायले तर साध्या पाण्याची चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये, अर्धा तास थांबावे. तोंड कोरडे पडत असेल तर जवळ पाण्याची बाटली ठेवावी. शाळेतही.

लाळ कमी आहे हे घरी कसे ओळखावे? मूल कोरडी पोळी किंवा बिस्किट पाण्यावाचून गिळू शकत नाही. रात्री पाण्यासाठी उठते. ओठ फुटतात. जीभ कोरडी, चिकट दिसते. कानापुढे गाल पुन्हा पुन्हा सुजतो. यातले काही दिसले तर डॉक्टरांना सांगा. गालगुंड समजून सोडून देऊ नका.

महिन्यातून एकदा उजेडात बसून मुलाचा ओठ वर करा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते का पाहा. ती किडण्याची सुरुवात. या पायरीवर दात वाचतो. डॉक्टर फ्लोराइडचा लेप लावतात. रेघ काळी होऊन खड्डा पडला, की मग तो भरावा लागतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. कोणताही दुधाचा दात न पडता ती येते, म्हणून पुष्कळांना ती दुधाचीच वाटते. ती जन्मभराची असते. तिला जपा. त्याच वेळी मुलाला त्याचीच तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. मागच्या महिन्यात तीन जात होती आणि आता दोनच जातात, असे झाले, किंवा तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते असे दिसले, तर ते डॉक्टरांना सांगा. दुखत नसले तरी सांगा. वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

दाखवायचे कुठे?

शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीचे पथक येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या नावाने ही योजना २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते, दातही पाहतात. पथक आले की सांधा सुजलेला दाखवा, तोंडही दाखवा. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे. कणकवली व सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालये आणि ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे.

मोठ्या उपचारांसाठी आपले लोक पुष्कळदा गोव्यात बांबोळीला जातात. तिथले वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे पोर्तुगीजांनी १८४२ साली पणजीत काढलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा. त्याच्याजवळच दंत महाविद्यालय आहे. म्हणजे सांध्यांचे आणि दातांचे काम एकाच खेपेत होऊ शकते. ज्याला मजुरी बुडवून, पोर कडेवर घेऊन जायचे, त्याला ही सोय किती मोठी, हे सांगायला नको.

जाताना सगळी औषधे, रिकाम्या पाकिटांसकट, एका पिशवीत घ्या. जुने कागद घ्या. दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगा, ‘मुलाला संधिवात आहे, ही औषधे चालू आहेत.’ दात काढायचा असेल तर दोन्ही डॉक्टरांचे एकमेकांशी बोलणे व्हायला हवे. आपल्या मनाने औषध बंद करू नका. काही औषधे एकदम बंद केली तर धोका होतो.

दातांच्या डॉक्टरांची वेळ दुपारची मागा, सांधे मोकळे झाल्यावरची. फार वेळ तोंड उघडे ठेवले की या मुलांचा जबडा दुखू लागतो. म्हणून आधीच ठरवून घ्या, की मुलाने हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचे आणि त्याला मिनिटभर तोंड मिटू द्यायचे. हे सांगायला लाजू नका. खुर्चीत बसण्यापूर्वी मुलालाही ही खूण शिकवून ठेवा.